लेंड्या मोजायची वही

सेकंड शिफ्ट सुटली की उद्यमनगरातनं गाडी काढायची,
खिशात गुळाचा खडा.
घरात कोण जागं नसायचं. बत्तासा तेवढा
पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून उभा.
आल्या माणसाला गूळपाणी द्यायची आमच्यातली रीत,
इथं उलटं, येणारा मी आणि गूळ त्याला.
चार महिने हे आमच्या दोघांतच होतं.

पिंजरा मीच केलेला. सहा सुती अँगल, तळालाही जाळी,
घाण खाली पडावी म्हणून.
वेल्डिंगवर बोट फिरवून बघितलं होतं, कुठं टोचत नव्हतं.
माझं बोट. बावीस वर्षं लोखंडात मुरलेलं.

त्या मंगळवारी खडा तसाच पडून राहिला.
कोपऱ्यात कुबड काढून बसलेला,
डोळे अर्धे मिटलेले, कान हाताला गार,
आणि दात खात होता, बारीक,
बेअरिंग जायला आलं की येतो तसला आवाज.
म्हटलं, झोप आली असंल.
केतकी उठून आली. तिनं आधी खालचा पेपर बघितला.
"पप्पा, दुपारपासनं एक लेंडी नाही."
"सकाळी बघू की."
"सकाळपर्यंत नको."

रात्री एकला बावड्याच्या रस्त्याला
डॉक्टर हेरवाड्यांनी बनियनवरच दार उघडलं.
टॉवेलातनं पोट चाचपलं, हळूहळू, डोळे मिटून,
आत काही अडकलेलं नाही ना, ते बघत.
मग स्टेथोस्कोप काढून माझ्या कानाला लावला. "ऐका."
काहीच नव्हतं.
लाईट गेल्यावर सगळी लेथ एकदम थांबतात ना,
ती शांतता.

"सशाचं पोट चोवीस तास चालावं लागतं.
त्याला उलटी येत नाही. आत गेलेलं पुढंच सरकायला पाहिजे."
मला लगेच कळलं.
भट्टीत रस गार झाला तर भट्टीच फोडावी लागते.
"काय घालताय खायला?"
केतकीनं सगळं सांगितलं, मेथी, कोथिंबीर, गाजराचा तुकडा.
मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघत होतो.
मग म्हटलं, "गूळ."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.
"गवत," म्हणाले, "वाळलेलं गवत, दिवसभर, पाहिजे तेवढं.
त्यानंच दात झिजतात, त्यानंच पोट सरकतं.
बाकीचं तोंडी लावायला.
आणि घरातली कॅप्सूल मनानं द्यायची नाही,
आपल्याला चालतं ते त्याला विष होतं."
इंजेक्शन दिलं. कातडीखाली कोमट सलाईन, पाठीवर उंटासारखा फुगा.
तळपाय उलटे करून दाखवले. केस गेलेले, लालभडक.
"खाली जाळी?"
"जाळी," मी म्हटलं. रात्रीतली दुसरी कबुली.

घरी आल्यावर सिरिंजनं पातळ खाणं,
तोंडाच्या कडेनं, थेंब थेंब, ठसका लागू न देता.
मधल्या वेळात पोटावरनं हात.
दाब किती द्यायचा? मायक्रोमीटरची रॅचेट वाजली
की बोट थांबतं, तेवढाच.
तीन वाजले, चार वाजले.
केतकी माझ्या मांडीला टेकून पेंगली,
आणि मी सशाशी बोलत बसलो, काय ते सांगत नाही.

गंगावेशीत म्हशी यायच्या टायमाला
पेपरवर आवाज झाला. टप.
मोहरीपेक्षा जरा मोठी, वाकडी, केसानं बांधलेली.
पोरीनं डोळे चोळत वही ओढली:
पाच वाजून दहा मिनिटं. एक.
आम्ही दोघं असं हसलो की बायको घाबरून बाहेर आली.

आता पिंजऱ्याच्या तळाला फळी, फळीवर जुनी सतरंजी.
मे महिन्यात बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून.
वाळकं गवत गंगावेशीतल्या गवळ्याकडनं आणतो.
तो विचारतो, "म्हैस केवढी हो तुमची?"
"दीड किलोची."
बाकीचे गवळी अजून माझ्याकडं बघून हसतात.

खडा खिशात असतोच, सवय जात नाही.
उंबऱ्याबाहेर थांबून मीच खातो,
नळावर हात धुतो,
मग आत.